मापाची वही

मंगळवार पेठेत नजमा बागवानच्या टेबलाखाली
एक लांबट वही असते, लाल कापडी पाठीची.
तिच्यात एकोणीस वर्षं मी आहे:
उंची चौदा, छाती छत्तीस, मुंढा, बाही,
दोनदा खोडून वाढवलेली कंबर.
मी दारात दिसले की ती नाव विचारत नाही,
पान उघडते.

कुकी म्हणजे तसंच काहीतरी, मावशी, यशोधन म्हणाला,
फक्त वही त्यांच्याकडं आणि खूण आपल्याकडं.
दुकानात पाऊल टाकलं की दुकानदार
आपल्याच पदराला एक चिठ्ठी बांधतो.
पुढच्या खेपेला ती वाचून म्हणतो,
या, तुमची पिशवी तशीच ठेवलीय.

मग वाईट काय त्यात?

मार्चमध्ये डावी बाजू काढली.
एप्रिलमध्ये एका रात्री, रंकाळ्याकडची खिडकी लावून,
मी फोनवर एक वस्तू शोधली
जिच्याबद्दल नजमालाही सांगितलं नव्हतं.
तीन दुकानं उघडली. किमती पाहिल्या. मिटवली.
प्रत्येक दारात एक पाटी आडवी आलेली:
"सर्व स्वीकारा", झेंडूसारखं पिवळं,
आणि खाली, राखेच्या रंगात, बारीक,
"पर्याय पाहा".
दुखऱ्या हातानं कोण पर्याय पाहतं?
तिन्ही वेळा झेंडूवर बोट ठेवलं.

आठवड्यानं, दूध संघाच्या कॅन्टीनमध्ये,
भडंगाची कृती दाखवायला फोन पुढं केला
आणि लसूण आणि शेंगदाण्यांच्या मधोमध
ते.
सिलिकॉनचं. कातडीच्या रंगाचं. वीस टक्के सूट.
डोंगळेबाईंनी वाचलं.
मग कढीपत्ता किती घ्यायचा ते विचारलं,
फार हळू आवाजात.

त्या रात्री दुकानात माझ्याशिवाय कोणी नव्हतं रे.
होतं की, यशोधन म्हणाला.
तिन्ही दुकानांच्या कोपऱ्यात
एकच तिऱ्हाईत स्टूल टाकून बसलेला.
त्यानंही चिठ्ठी बांधली, तुला कळू न देता.
भडंगाच्या पानावर स्टूल त्याचंच.

मग त्यानं सेटिंग उघडून दिलं, बोटं मात्र माझी.
तिऱ्हाइताच्या चिठ्ठ्या: बंद.
जुन्या सगळ्या: पुसा.
आणि पाटी आली की घाई नाही,
राख उकरायची, नकाराचं बटण तिथंच असतं.

पुसल्यावर बँक मला ओळखेना.
वीजबिलाचा ग्राहक क्रमांक मीच विसरलेले.
दोन दिवस फोन परगावच्या स्टँडवर उतरल्यागत वागला.
चार चिठ्ठ्या मग मीच परत बांधून घेतल्या,
वाचून, गाठ स्वतः मारून.

आणि त्यानं आधीच स्वतःच्या वहीत उतरवलं असेल, ते?
यशोधन चहाचा कप फिरवत राहिला.
तिथवर आपलं बोट पोचत नाही, मावशी.

मे महिन्यात नजमाकडं गेले.
पान उघडलं. टेप डावीकडून जाताना थांबली नाही,
जरा सैल झाली, एवढंच.
तिनं कानामागचं पेन काढलं,
टोपण उघडलं नाही.
लिहू?

एकोणीस वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं.
मी म्हटलं, लिही.
पेन्सिलनं.