चिखल पुसू नये

व्हील केन्साच्या कपडेखोलीत
लव्हडे पेन्रोजनं एकतीस वर्षं
खाणीतून वर आलेला लाल चिखल धुतला.
कॉर्नवॉलच्या त्या ओल्या हवेत
चारशे माणसांचे डगले
वाफेच्या नळ्यांवर वाळत घातले.

मग लंडनमध्ये कुणी तरी फोन खाली ठेवला
आणि दुपारच्या चहापर्यंत
कथलाचा भाव निम्म्यावर आला.

पंप थांबले. पाण्याला घाई नव्हती.
एकेक बोगदा गिळत ते वर आलं,
आता विवराच्या तोंडाशी
नव्या कल्हईसारखं चकाकतं.

हल्ली तिकीट बारा पौंड, मुलांना अर्धं.
लव्हडेला परत बोलावलं. खोली तीच,
सूचना नव्या:
चिखल पुसू नये.
साबणाची झिजलेली वडी हलवू नये.
दर सोमवारी बुटांना ताजा चिखल लावावा,
वाळला की खरा वाटत नाही.

ती लावते. बोटांनी, टाचेपासून.
फक्त दोनशे सतरा नंबरचे बूट
लख्ख.

पाहुणे विचारतात, हे असे कसे?
नवा असेल कुणी, गाईड म्हणतो,
पहिलाच दिवस असेल.

लव्हडे काही बोलत नाही.
पेट्रॉकच्या बुटाची नाडी
सोडून पुन्हा बांधते.