नकाशाचं टेबल

सिमला ऑफिसात मी एकतीस वर्षं देश भरला.
भरला म्हणजे टाकाने.
डावीकडे काळी शाई, उजवीकडे लाल,
समोर नकाशा, त्यावर मसुरीएवढी कोरी वर्तुळं,
आणि पाठीशी टेलिप्रिंटर,
पाच-पाच आकड्यांचे पाढे म्हणणारा.

वर्तुळाच्या डाव्या खांद्यावर तापमान, उजव्या खांद्यावर दाब,
पोटात ढग.
वारा येईल त्या बाजूला एक पीस.

फलोदी त्रेचाळीस. त्याच घटकेला द्रास सहा.
चेरापुंजीचं पोट काळंच, वेगळं बघावं लागायचं नाही.
मिनिकॉयला नैर्ऋत्येचा वारा, न कंटाळता.
मी स्वतः गेले ती जेजुरीपर्यंत.
मधल्या बोटाला घट्टा मात्र जैसलमेरचाही आहे.

पोंक्षेसाहेब म्हणायचे,
बाई, गाव नाही, आकडा लिहा.
जीव गुंतवलात की शाई फुटते.

घरी सासूबाईंचा एकच प्रश्न: कुरडया घालू का वाळत?
सगळा देश पाठ, आणि कोथरूडची गच्ची सांगता येईना.
त्या नाक वर करून हवा हुंगायच्या,
आणि घालायच्या.

एका ऑक्टोबरात गोपाळपूर बोललं नाही.
उपसागरात दाबाच्या रेषा
बांगड्यांसारख्या एकात एक, किनाऱ्याकडे सरकत.
आकडे नसतील तर वर्तुळ कोरं ठेवायचं, असा नियम.
तीन नकाशे कोरं ठेवलं.
चौथ्याला आकडे आले आणि मी मोठ्यांदा म्हणाले, आला!
साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं.
कोण आला?

दोन वर्षांनी पाषाणला ट्रेनिंगला तो आला.
बैरागी जेना, गोपाळपूर.
त्याची हिंदी ओडिया वळणाची, माझी सदाशिव पेठी.
कँटीनच्या साबुदाण्याकडे तो संशयाने बघत होता.
म्हणाला, पत्रा गेला, तार तुटली,
पण वाचन चुकवलं नाही.
कंदील मांडीत धरून वहीत लिहिलं.
पाठवता आलं नाही, इतकंच.
तीनही वाचनं त्याला पाठ होती.

मी तळघरातून जुने नकाशे काढले
आणि भरली ती वर्तुळं,
पेन्सिलने. शाईला सही लागते.

बाहेर आलो तर डिसेंबरची संध्याकाळ,
तो मफलरमध्ये नाकापर्यंत.
अकरा, तो म्हणाला.
नऊ, मी म्हणाले.
वाद मिटेना.
सासूबाईंना विचारायला हवं होतं.