पात कापते

गिरणीच्या मागे राखेचा ढीग असतो.
उकड्या तांदळाच्या चुलीतलं तूस
रात्रभर धुमसतं,
सकाळी घमेल्यात भरून मी ते खाडीत लोटायचो.
बावीस वर्षं लोटलं.
भरतीबरोबर काळं पाणी वर चढायचं
आणि कालवं काढणाऱ्या बायका
माझ्या नावाने बोटं मोडायच्या.

करपा म्हणजे डोळा.
दोन्हीकडून निमुळता,
कडा तपकिरी, मध्ये राखाडी बुबुळ.
श्रावणात आभाळ आठ-आठ दिवस बसून राहिलं
की एका रात्रीत शेकड्यांनी उघडतात,
मग दसऱ्याआधी लोंबीची मान काळी पडून मोडते.
असल्या भाताचं पोतं गिरणीत उतरलं
की डोळ्यांआधी खांद्याला कळतं:
पोतं फुगलेलं,
आत सगळा पोल.

घाड्यांची दीपलक्ष्मी माती तपासायच्या कामावर आहे.
तांदूळ न्यायला आली, आणि
ढिगात कोपरापर्यंत हात घातला तिने.
"ही कुठे टाकता?"
"खाडीत."
गप्प झाली. मग पायरीवरच बसली
आणि म्हणाली, आपला जांभा म्हणजे
पावसाने धुऊन धुऊन उरलेला गंज, काका.
त्यातलं सिलिका कधीच वाहून गेलं.

मी किनाऱ्याकडे बोट केलं.
एवढी वाळू! अख्खा समुद्र तिच्यावर लोळतोय!

"ती कुलपात आहे.
भात चावून खात नाही, पिऊन खातं.
तुसातली विरघळते.
फक्त पांढरी होईस्तो जाळू नका,
काळी असतानाच पाणी मारा."

मग राखेतच बोटाने काढून दाखवलं तिने,
बुरशीचा कण दवावर कसा बसतो,
पाय कसा रोवतो,
फुगून फुगून कसा टोचतो.
आणि पातीच्या कातडीखाली
काचेचा थर बसला असेल
तर टोक आतच जात नाही.
"बऱ्याचदा," ती म्हणाली. "नेहमी नाही."
हे शेवटचं तिने सांगितलं नसतं
तर मी ऐकलं नसतं.

एका कुणग्यात टाकली.
चिखलणीला, पायांनी मिसळून,
पोटऱ्या काळ्या होईस्तोवर.
बांधापलीकडचा कुणगा तसाच ठेवला.
ठिपके मोजायला वही दिली होती तिने,
शंभर पानं या बाजूची, शंभर त्या.
मी मोजली. खरंच मोजली.
डोळे या बाजूलाही उघडले होते,
थोडे, बारके, अर्धवट मिटल्यासारखे.
मग गिरणीचं छप्पर गळलं
आणि वहीतले आकडे निळं पाणी होऊन
फळीवरून खाली ठिबकले.

दीपलक्ष्मी काही बोलली नाही.
मला मात्र झोप आली नाही त्या रात्री.

कापणीला सत्यवती होती.
आधी साधा कुणगा कापला,
मग बांध ओलांडून या बाजूला आली.
तिसऱ्या मुठीला थांबली. सरळ उभी राहिली.
"काय घातलंस रे ह्या कुणग्यात?
पात नुसती कापता!"

हात पुढे केला तिने.
मनगटापासून कोपरापर्यंत
बारीक लाल रेघा,
कुणी काचेच्या कुसळाने लिहिल्यासारख्या.
"आणि ह्यो विळो बघ. सकाळीच धार लावलंय.
बोथट झालो."

मी तो हात धरून
उन्हात वळवून वळवून बघत राहिलो
ओली वही वाळल्यावर बघावी तसा.
ती म्हणाली, हसतंस काय मेल्या?
ह्या कुणग्याची मजुरी येगळी.

दिली.

यंदा तीन कुणग्यांना पुरेल एवढी राख झाकून ठेवली आहे.
शेजारी खुंटीवर, मालवणच्या बाजारातून आणलेले
लांब बाह्यांचे चार जुने शर्ट.
सत्यवतीने त्यातला निळा
आत्ताच बाजूला काढून ठेवलाय.