गुरुवारची काच

पाषाणच्या प्रयोगशाळेत मी काच धुते.
बाविसावं वर्ष चालू आहे.
नरसाळी, परीक्षानळ्या, गोल बुडाचे चंबू,
ज्यांत भुसारी मॅडम पेशी बनवतात.
पेशी नव्हे हो, त्या म्हणतात, नुसती तिची कातडी.

अंड्याच्या बलकातली चरबी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून
चंबू फिरवत फिरवत सुकवतात.
काचेला आतून धरतो एक पापुद्रा.
भाकरीचा त्याच्यापुढे गोधडी.
मग पाणी घालायचं, दिवा मालवून घरी जायचं.
रात्रीत तो सुटतो, फुगतो,
स्वतःभोवती मिटून गोल होतो.

कोण शिकवतं त्याला?
कुणी नाही. कणाकणाचं डोकं पाण्याला आसुसलेलं,
शेपट्या पाण्याला भ्यालेल्या.
भ्यालेल्या एकमेकींना बिलगतात, की झाली भिंत.

म्हणजे साबणच की, मी म्हटलं.
त्या हसल्या. भाऊबंदच,
पण भाऊबंद घरात शिरला
की घर राहत नाही.

श्रावणात त्यांचे गोल फुटायला लागले.
अंडी बदलली, मीठ बदललं,
पुरवठादाराला फोनवर झापलं,
आणि एकदा जिन्यात, मला बघून,
डोळ्यात काही गेल्यासारखं केलं.

मी कॅलेंडर काढलं.
फुटायचे ते शुक्रवारीच.
गुरुवारी आमच्याकडे पाणी बंद.
गुरुवारी मी दहाऐवजी तीन पाण्यांत काच काढायची,
ड्रममधल्या, जपून जपून.

सांगायला मला आणखी दोन शुक्रवार लागले.

मॅडम काही बोलल्या नाहीत.
वहीत लिहिलं: गुरुवार. खाली दोन रेघा.
मग स्टुलावर बसवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं.

काळोखात हिरवी कडी.
थरथरत होती, पण होती.
आत काय आहे?
साखरेचं पाणी, त्या म्हणाल्या, अजून दार बसवायचंय.

त्याच महिन्यात सुतारवाडीच्या रेशन दुकानात
मशीनने माझा अंगठा नाकारला.
चार वेळा पुसला, पदराला घासला.
रेघाच उरल्या नाहीत मावशी, दुकानदार म्हणाला,
काय काम करता?

आता बुधवारी रात्री मी तीन कॅन भरून ठेवते.
झाकणावर खडूने लिहिते, भुसारी.
कुणी चहाला घेतलं तर
माझ्याशी गाठ आहे.