घडी

रात्री पावणेबाराला आम्ही बेल दाबली,
मी आणि मॉरीन ॲशवर्थ.
न सांगता जायचं, हाच तर नियम.
आत कुणाचं नाव विचारायचं नाही, गुन्हा तर नाहीच.
फक्त पाणी मिळालं का, औषध दिलं का,
वकिलाचं कुणी सांगितलं का,
तेही समजेल अशा भाषेत.

काचेपलीकडून सार्जंट हॅलमने बोट दाखवलं: एक मिनिट.
मॉरीनने डार्बीत तीस वर्षं बस चालवली,
ती वेळ थांब्यांत मोजते.
म्हणाली, "एवढ्यात मी अख्खी गाडी
इस्पितळापर्यंत नेऊन रिकामी केली असती."
अकरा मिनिटं.

सहा नंबरच्या कोठडीत फरशी ओली.
फिनेलचा वास,
आणि मॉप पोचला नव्हता त्या कोपऱ्यात काहीतरी तपकिरी.
चहा असेल. असू दे चहा.
मुलगा एकोणीस-वीसचा,
उजवी बाही बोटांपर्यंत ओढून धरलेली.
"सगळं ठीक," तो म्हणाला,
माझ्याकडे नाही, दाराकडे बघत.
दारात हॅलम. नियमाप्रमाणे
ऐकू येणार नाही इतका लांब,
दिसेल इतका जवळ.

मांडीवर निळं ब्लँकेट.
"कधी दिलं?"
"संध्याकाळपासून आहे."

नॉर्मंटन रोडवर सव्वीस वर्षं माझी लाँड्री होती.
घडी ताजी असली की तिच्या कडा बोलतात,
माणूस एकदा पांघरून कुशीवर वळला
की गप्प होतात.
या ब्लँकेटवर चार उभ्या, दोन आडव्या,
कोऱ्या नोटेसारख्या.
आमच्यात नव्या साडीची घडी मोडायला
हौसेनं कुणाला तरी बोलावतात.
इथे ती कुणीच मोडली नव्हती.

नर्सला बोलवा, मी म्हटलं.
दुसऱ्यांदा म्हटल्यावर बोलावली.

फॉर्मवर 'मारलं' असं लिहिता येत नाही,
ते मी पाहिलं नाही.
लिहिलं: दार उघडायला अकरा मिनिटं.
फरशी ओली. उजवी बाही.
ब्लँकेटची घडी मोडलेली नव्हती.
हॅलमने वाचलं, हसला.
"मॅडम, ही तर इस्त्रीची तपासणी झाली."
"हो," म्हटलं, "तेवढंच येतं मला."

महिन्याने पत्र आलं: बाब नोंदवली आहे.
त्या मुलाचं पुढे काय, ते कळवत नाहीत.
हॅलम दिसत नाही. बदली असेल, सुट्टी असेल.

आता बेल वाजताच दार उघडतं.
फरश्या कोरड्या,
ब्लँकेटं व्यवस्थित चुरगळलेली.
मॉरीन खूश असते.
मला कळत नाही,
हे लोक सुधारले
की नुसत्या घड्या मोडायला शिकले.

म्हणून हल्ली आत गेले की विचारते,
हात लावू का?
आणि कापडावर तळवा ठेवून बघते,
ऊब लागते का.