मेणाखालची सालं

वाळूखडकात खोदलेलं तळघर, वर बीचची झाडं,
आत बारा महिने आठ अंश.
ओटमारने टांगलेला तापमापक अजून तिथेच आहे,
तो स्वतः चर्चमागच्या उतारावर.
तिथेही साधारण एवढाच गारवा असावा.

डिसेंबरात पहिली कडाक्याची रात्र आली की
तो पिंप अंगणात ढकलायचा.
पाण्याचा बर्फ व्हायचा, बाजूला सरायचा.
न गोठता उरेल ते आपलं, म्हणायचा.
शंभर लिटरमधलं साठ. तांबूस, जाड,
पेल्याच्या काचेवरून काकवीसारखं सावकाश उतरणारं.
मग बाटली, बूच, लाल मेण,
आणि खडूने साल.

आज फाइट आलाय, लिओबा आलीय,
आणि निवृत्त पोस्टमन एमेराम, ज्याला बिअरमधलं कळत नाही
पण कुणाच्या घरात काय शिजतंय ते कळतं.
पाच ग्लास मांडले.
पाचवा कुणाचा, कोणी विचारलं नाही.

एकोणीसची आधी. त्याची शेवटची;
पिंप फाइटनेच ढकललं होतं.
गोड. इतकी गोड की दात शिवशिवले,
आणि मागून दारूचा चटका,
नुकता आवाज फुटलेला मुलगा उगाच मोठ्याने बोलतो तसा.
"हिला अजून घाई आहे," फाइट म्हणाला.

अकराची. चटका कुठे गेला कळलं नाही.
मनुका, सुकं अंजीर, करपता करपता राहिलेली साखर.
गोडी तेवढीच असणार, साखर काही उडून जात नाही,
पण आता ती जिभेसमोर हात पसरून उभी राहत नाही,
खुर्ची ओढून बाजूला बसते.
लिओबाने डोळे मिटले,
आणि लिओबा डोळे मिटणाऱ्यांतली नाही.

सत्त्याण्णवचं मेण भुगा होऊन पडलं.
ओला पुठ्ठा. जुन्या बुटांचा खोका.
त्या हिवाळ्यात आमचं वाजलं होतं, खालची कुरणं विकण्यावरून,
आणि बुचं मी ठोकली होती, एकटीने, रागात.
एमेराम खिडकी शोधू लागला, तळघरात.
"बुचाचा दोष," मी म्हटलं.
बुचाचाच होता.

मग वही काढली. अठ्ठ्याऐंशीचं पान.
एकोणनव्वदला लिहिलंय: "फार गोड. चूक झाली. यीस्ट अर्ध्यात झोपी गेलं."
शहाण्णव: "अजून गोड. विकायच्या लायकीची नाही."
दोन हजार पाच: "बरी."
दोन हजार चौदा, अक्षर हललेलं: "कोणी हात लावू नये."

हात लावला. दोनच होत्या.
फेस नाही, बुडबुडासुद्धा नाही.
"सोया सॉस," एमेराम म्हणाला, आणि चुकीचं नव्हतं ते.
त्यामागे अक्रोडाच्या टरफलाचा तुरटपणा, भिजून वाळलेलं चामडं,
आणि फार मागे, जिथे मी एरवी जात नाही,
खोकल्यावर आई चाटवायची तो जंगलातला काळा मध.

"विटली," लिओबा म्हणाली.
"मुरली," फाइट म्हणाला.
पाव तास चाललं त्यांचं,
आणि तेवढ्या वेळात दोघांनीही ग्लास दोनदा पुढे केला.

मी त्या "बरी"पाशीच अडकले होते.
पुढे पुढे त्याला सूप अळणीच लागायचं,
मी मीठ लपवून ठेवायची.
म्हणजे ती सतरा वर्षांत बरी झाली
की त्याची जीभ नरमली,
आता कोणाला विचारू?
माझी तरी कुठे तीच राहिलीय.

फाइटने पेन दिलं. मी तारीख घातली.
पुढे काही सुचेना, म्हणून लिहिलं: "एक उरली."

पाचवा ग्लास भरलेला तसाच होता.
एमेरामने तो हळूच स्वतःकडे ओढला,
आणि चाळीस वर्षं आमची पाकिटं धरायचा
तसा दिव्यासमोर धरला.