आवृत्ती दोन

जुनी आवृत्ती भिडस्त होती.
अवतरणात गुंडाळलेला बारा
ती बारा म्हणून घ्यायची.
"१", "हो", घाईत टंकलेलं "होहो",
सगळ्यांना खरं म्हणायची.
दिवस आधी की महिना आधी,
कधी बभ्रा केला नाही तिने.

नवी तोंडावर बोलते.

काल तीनलाच दिवे लावले
(जानेवारीत क्लाक्सविकला तीन म्हणजे संध्याकाळ)
आणि एका ओळीतल्या एकचं दोन केलं.
चौदाशे चाचण्यांपैकी एकशे सदतीस लाल.

बहुतेक हानुसच्या.
धक्क्यावरच्या काट्यापाशी एकतीस वर्षं
वजनाच्या रकान्यात तो लिहीत आला:
३१० किलो, बर्फासकट.
कालच्याइतकंच.
एके ठिकाणी नुसतं: भरपूर.
जुनीने सगळं पोटात घातलं.

फोन केला. बर्फाचे किती वजा करू?
म्हणाला, हवा कशी होती त्यावर आहे.
मग हवेची जुनी कोष्टकं काढली,
रात्री अकरापर्यंत एकेक रूपांतर लिहिलं,
"भरपूर"ला मजकुराचा वेगळा रकाना दिला,
कारण तो आकडा नव्हताच कधी.

शेवटी उरली एक.
नाव: लोमविगा. निघाली: ९ नोव्हेंबर.
परत:

"हे क्षेत्र आवश्यक आहे," नवी म्हणते.
जुनीला रिकामं म्हणजे रिकामं, चला पुढे.
हिला "नाही" वेगळं
आणि "सांगितलं नाही" वेगळं.
मुभा हवी तर मुभा लिहा.
गृहीत धरायचं तर काय धरायचं, तेही लिहा.

सकाळी हानुस आला, टोपी न काढता बसला,
पडद्याकडे बघत राहिला.
दोघं होते, म्हणाला, आणि एक कुत्रा.

मी म्हटलं, रकाना राहून गेला होता का?

राहिला नव्हता, रानव्हा.
ठेवला होता.

कॉफी निवत गेली. मी समजावलं:
परत म्हणजे तारीख, किंवा काहीच नाही;
साच्यात तसं लिहिता येतं, सोपं आहे,
फक्त या नोंदीत ते "काहीच नाही"
कुणीतरी हाताने भरायला हवं.

त्याने कळफलक जवळ ओढला.
चष्मा शोधला, खिशातच होता.
मग कळफलक होता तिथे सरकवून
काट्याला यंदा तेल दिलं का विचारलं.

एकशे छत्तीस हिरव्या.
शाखा उघडीच आहे.
सोमवारी बघू.